गाडीची बसलेली सीट कमी खर्चात घरी कशी नीट करायची? आधी निदान, मग खर्च



आपल्यापैकी बऱ्याच जणांचा धंदा जुन्या गाडीतूनच सुरू होतो. कुणी डबे पोचवतं, कुणी दुकानांना माल देतं, कुणी केटरिंगचं सामान नेतं. मारुती ओम्नीचंच बघा. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. या गाड्यांचं इंजिन आपण सांभाळतो, टायर बदलतो, पण ड्रायव्हर सीटला पडलेल्या खड्ड्याकडे "चालतंय" म्हणून बघतच नाही.

खरं तर ते चालत नाही. सीट बसली की कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि पाठ गोल होते. डोळ्यांची उंची कमी झाल्यामुळे बॉनेटच्या पुढचं नीट दिसत नाही आणि ब्रेक दाबताना मांडीला आधार उरत नाही. दिवसाला पाच-सहा तास गाडी चालवणाऱ्या माणसाची कंबर धरली, की धंदा त्या दिवशी बंद. एकट्याच्या धंद्यात बदली कामगार नसतो.

दुसरं टोक म्हणजे कुशनवाल्याकडे जाऊन "सगळी सीट नवीन करून टाका" असं सांगणं. बऱ्याचदा त्याची गरजच नसते. आजच्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे: सीट वरून बसलेली दिसते, पण बिघाड बहुतेक वेळा खाली असतो. कुठला थर गेलाय हे आधी शोधा आणि तेवढ्यावरच पैसे खर्च करा.

सीटच्या आत काय असतं?

खालून वर असे चार थर समजून घ्या.

१. लोखंडी सांगाडा, म्हणजे फ्रेम. ती रुळांवर पुढे-मागे सरकते.
२. फ्रेमला दोन्ही टोकांनी अडकवलेल्या नागमोडी स्प्रिंगा किंवा तारांची जाळी. तुमचं वजन पेलणारा थर हाच.
३. स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये नमदा, तागाचं कापड किंवा जाड फेल्ट. स्प्रिंगने फोम कापू नये म्हणून हा थर असतो.
४. फोम आणि त्यावर कव्हर. कव्हर खालून लोखंडी रिंगांनी किंवा हुकांनी ताणून बसवलेलं असतं.

फोम रोज दबतो, उन्हात तापतो, पावसाळ्यात ओल धरतो. हळूहळू त्याचे बारीक कप्पे फुटतात आणि तो पुन्हा फुगत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून चढतो-उतरतो. प्रत्येक वेळी उजव्या कडेवर सगळं वजन येतं, म्हणून ती कड आधी जाते.

पंधरा मिनिटांचं निदान

पाना हातात घेण्याआधी टॉर्च आणि मेजरिंग टेप घ्या.

- गुडघा सीटवर ठेवून दाबा. खाली लोखंड लागलं, तर फोम संपलाय किंवा स्प्रिंग सुटली आहे.
- सीटखाली टॉर्च मारा. प्रत्येक स्प्रिंग दोन्ही टोकांना अडकलेली आहे का? फोम स्प्रिंगांमधून खाली लोंबतोय का? लोंबत असेल, तर मधला नमदा फाटलाय.
- सीटखाली पिवळी भुकटी पडली असेल, तर फोमचा चुरा होतोय.
- गाडीच्या तळापासून सीटच्या डाव्या आणि उजव्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. काम झाल्यावर हाच आकडा उपयोगी पडेल.
- बसल्यावर सीट हलते किंवा डुगडुगते का? तसं असेल तर दोष गादीत नाही. बोल्ट, रूळ किंवा फ्रेम तपासा.

आधी सुरक्षेचं बोलू

सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल, तर ती सीट घरी उघडू नका. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालक आणि शेजारच्या प्रवाशासाठी सीट-बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. अशा गाड्यांत सीटखाली वायर किंवा सेन्सर असू शकतो. वायर दिसली की ओढाओढ न करता जाणकाराकडे जा. बेल्टचं बकल सीटला जोडलेलं असेल, तर त्याचा बोल्ट सोडू नका. फ्रेमला चीर असेल किंवा रुळाचं लॉक घसरत असेल, तर तार गुंडाळून भागवू नका. ब्रेक मारल्यावर सीट जागेवरून सुटली तर वाचवलेल्या पैशांना काही अर्थ नाही. वेल्डिंग करायचं असेल तर फोम आणि कव्हर आधी पूर्ण काढा, कारण फोम फार पटकन पेटतो.

सीट बाहेर काढणं

सीट बहुतेक वेळा चार बोल्टवर असते. जुन्या गाड्यांत साधारण १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे बोल्ट काढा, मग पूर्ण पुढे घेऊन मागचे. काहीही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. परत बसवताना याच फोटोंची गरज पडते.

दुरुस्ती १: स्प्रिंग सुटली किंवा ढिली झाली

सर्वांत जास्त फरक सर्वांत कमी पैशांत इथेच पडतो. निसटलेली स्प्रिंग पकडीने ओढून मूळ जागी अडकवा. क्लिप तुटली असेल तर जाड जीआय तारेचे तीन-चार वेढे द्या आणि टोकं आत वळवा, नाहीतर फोम फाटेल. स्प्रिंग मधूनच तुटली असेल तर त्याच मापाची नवी कुशनवाल्याकडून आणा.

सगळ्याच स्प्रिंगा थोड्या थोड्या खाली आल्या असतील तर नवार वापरा, खाटेला विणतात तीच. नायलॉनची नवार फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, स्प्रिंगांच्या वरून, घट्ट ताणून विणा: तीन पट्ट्या आडव्या, तीन उभ्या. फ्रेमची कड धारदार असेल तिथे नवारीखाली रबराचा तुकडा द्या. काही जण जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधतात. त्यांना लवचीकपणा चांगला असतो, पण ओम्नीत पुढच्या सीटखालीच इंजिन असतं. तिथे रबर किंवा थर्माकोल नको. जाड तार आणि तागाचं कापड बरं.

प्लायवूड टाकायचा मोह मात्र टाळा. सीट उंच होते हे खरं, पण स्प्रिंगचं काम बंद पडतं आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मणक्याला लागतो.

दुरुस्ती २: स्प्रिंग फोममध्ये घुसते

गोणपाट किंवा तरटाचा स्वच्छ, कोरडा तुकडा दुहेरी करून स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये घाला आणि कडा फ्रेमला बांधा. जुन्या जाड गालिच्याचा तुकडाही चालतो. खर्च जवळपास शून्य.

दुरुस्ती ३: फोम दबलाय

नवा फोम नेहमी खालून घाला, वरून नाही. वरून घातला तर कव्हर बसत नाही आणि गोळे येतात. खालून घातला तर जुना फोम वर उचलला जातो आणि ढिलं झालेलं कव्हर आपोआप ताणलं जातं. बऱ्याच सीटमध्ये कव्हर पूर्ण काढावंही लागत नाही, मागची कड सोडली तरी हात आत जातो.

१ इंच जाडीपासून सुरुवात करा. एकदम २-३ इंच घातले तर डोकं छताला, मांडी स्टिअरिंगला लागते आणि बेल्टही नीट बसत नाही. आधी न चिकटवता बसवा, दोन दिवस गाडी चालवा आणि पटलं तरच चिकटवा.

कड गेली असेल तर तेवढाच खराब भाग कापून तिथे नवा तुकडा चिकटवा. फोम कापायला दातेरी ब्रेडची लांब सुरी चांगली चालते. आकार देताना जाड सँडपेपर वापरा. चिकटवायला फोमसाठीचा सिंथेटिक रबर अॅडहेसिव्ह घ्या, फेविकॉल एसआर ९९८ सारखा. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटणं कमी होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबून बसवा. हा माल ज्वालाग्राही आहे. काम उघड्यावर करा आणि जवळ बिडी-सिगारेट, गॅस काही नको.

फोम विकत घेताना फसू नका

दुकानदार "४० डेन्सिटी" म्हणतो, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो. हे तुम्ही दुकानातच तपासू शकता. २० बाय २० इंच, १ इंच जाडीच्या तुकड्याचं वजन साधारण असं यायला हवं:

- २३ डेन्सिटी: सुमारे १५० ग्रॅम
- ३२ डेन्सिटी: सुमारे २१० ग्रॅम
- ४० डेन्सिटी: सुमारे २६० ग्रॅम
- १०० डेन्सिटीचा रीबॉन्डेड: सुमारे ६५० ग्रॅम

४० च्या भावात दीडशे ग्रॅमचा तुकडा हातात आला, तर काय चाललंय ते कळेल. खालच्या थराला ४० डेन्सिटी किंवा रीबॉन्डेड घ्या. रीबॉन्डेड कडक असतो, पण लवकर दबत नाही. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, म्हणून घेण्याआधी तुकड्यावर बसून बघा.

कव्हर आणि जोडणी

जुन्या रिंगा पकडीने उघडल्या की पुन्हा नीट बसत नाहीत. त्यांच्या जागी मजबूत नायलॉनचे केबल टाय त्याच भोकांतून घाला, गाठ खालच्या बाजूला ठेवा आणि उरलेलं टोक कापा. सीट गाडीत बसवताना चारही बोल्ट आधी हाताने लावा, मग पान्याने आवळा. शेवटी सीट पुढे-मागे सरकवा. दोन्ही रुळांचं लॉक "खट्" करून बसलं पाहिजे. मग आधी लिहून ठेवलेली उंची पुन्हा मोजा.

आता हिशोब: स्वतः करायचं की द्यायचं?

इथे बरेच जण चुकतात. ते साहित्याचा खर्च धरतात, पण स्वतःचा वेळ फुकट समजतात. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावातले भाव तुम्ही टाका.

कुशनवाला सांगतो: २,५०० रुपये.
तुमचं साहित्य: फोम २५०, अॅडहेसिव्ह १५०, नवार आणि तरट १००, केबल टाय ५०. एकूण ५५० रुपये.
तुमचा वेळ: ४ तास.

तुमच्या धंद्यात एका तासाला २०० रुपये सुटत असतील, तर वेळेची किंमत ८००. एकूण १,३५०. म्हणजे १,१५० रुपये खरोखर वाचले. पण तासाला ५०० सुटत असतील, तर वेळेचेच २,००० आणि एकूण २,५५०. म्हणजे घरी करून ५० रुपये जास्तच गेले. अशा वेळी काम कुशनवाल्याला द्या आणि तुम्ही गिऱ्हाईक सांभाळा.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. सुट्टीच्या दिवशी, धंदा बंद असताना काम केलं तर बुडालेली कमाई धरायची गरज नाही. आणि काम बाहेर दिलं तरी निदान तुमचंच असू द्या. "सगळी सीट करा" म्हणण्याऐवजी "डाव्या बाजूच्या दोन स्प्रिंगा सुटल्यात आणि खाली १ इंच फोम हवाय" असं सांगा. बिल तिथेच कमी होतं, कारण समोरच्याला कळतं की या माणसाने सीट उघडून पाहिली आहे.

तिसरा पर्यायही आहे. फ्रेमच गेली असेल तर भंगार बाजारात त्याच मॉडेलची पूर्ण सीट शोधा. मुंबईकरांना कुर्ला माहीत आहेच. घेताना कव्हर बघू नका, ते बदलता येतं. फ्रेमचा गंज, वेल्डिंगच्या जागा आणि रुळाचं लॉक तपासा.

यातून धंदा होईल का?

हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. होऊ शकतो, पण आधी स्वतःची सीट करा, मग ओळखीच्या दोन गाड्या करा. प्रत्येक कामाला किती तास, किती साहित्य लागलं हे वहीत लिहा. तिसऱ्या गाडीनंतर तुम्हाला तुमचा खरा दर कळेल. फ्रेम, बेल्ट आणि एअरबॅगची कामं घेऊ नका, आणि हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

तर मित्रांनो, या रविवारी एवढंच करा: टॉर्च घ्या, सीटखाली डोकवा आणि काय दिसलं ते कागदावर लिहा. पाना त्यानंतर. तुमच्या गाडीत कुठला थर गेलेला निघाला ते कमेंटमध्ये नक्की कळवा.