इंग्रजी संभाषणाच्या तासाला विषय कोणता द्यावा?

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्यांनो, 'प्रदूषण' आणि 'मोबाइलचे फायदे-तोटे' आता बाजूला ठेवा. त्यावर सगळ्यांचं मत एकच असतं, त्यामुळे दोन वाक्यांत गप्पा आटपतात. मतभेद होतील असं काहीतरी द्या: घर भाड्याचं बरं की कर्जाचं? लग्नाला पाचशे माणसं हवीतच का? मुद्दा मनाला भिडला की माणूस व्याकरणाची भीती विसरून वाद घालतो, आणि तेच तर हवं असतं!

विषय सोप्याकडून अवघडाकडे कसे न्यावेत, यासाठी आयेल्ट्स (IELTS) या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेचा क्रम बघा. 11 ते 14 मिनिटांत आधी घर, काम यांबद्दलचे साधे प्रश्न, मग मिनिटभर तयारी करून एका विषयावर बोलणं, शेवटी त्याच धाग्यावर सखोल चर्चा. नवशिक्यांना थेट शेवटच्या टप्प्यावर ढकलू नका. पगार, जात, आजारपण हे विषय मात्र कुणी आपणहून काढल्याशिवाय नकोत.

तुमच्या वर्गात कोणता विषय रंगला? जरूर सांगा.