दम्याचा पंप कुलपात नको, हाताशी हवा

दमा असलेल्या मुलाचा पंप पालक शाळेत नेऊन देतात. पुष्कळदा तो ऑफिसच्या कपाटात ठेवला जातो आणि चावी एकाच माणसाकडे असते. तो माणूस रजेवर गेला की औषध असूनही उपयोग नाही. दम्याच्या झटक्यात श्वासनळ्या आवळतात, आतून सुजतात आणि चिकट कफाने भरतात. काही मिनिटांतच मुलाची स्थिती बिघडू शकते. म्हणून पंप सुरक्षित हवा, पण कुलपात नको.

कोणता पंप शाळेत द्यावा?

दम्याची औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक रोज घ्यायचे, सूज कमी ठेवणारे. ते घरीच द्यावे. दुसरे झटका आल्यावर श्वासनळ्या मोकळ्या करणारे. बहुतेक मुलांना यासाठी साल्बुटामॉल दिले जाते. शाळेत हे दुसरे औषध हवे. पंपाच्या रंगावर जाऊ नका, नाव वाचून घ्या. जमल्यास एक पंप घरी आणि एक शाळेत ठेवा.

कुठे आणि कसा ठेवावा?

मोठ्या मुलाने पंप स्वतःच्या दप्तरात ठेवावा. लहान मुलाचा पंप वर्गातच, बाईंच्या किंवा सरांच्या टेबलाच्या खणात, कुलूप न लावता ठेवावा. मैदानावर किंवा सहलीला मुलाबरोबर पंपही गेला पाहिजे. पंप आणि स्पेसर एका पिशवीत ठेवून त्यावर मुलाचे नाव, इयत्ता आणि तुमचा फोन नंबर लिहा. किती मात्रा द्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागदही आत ठेवा.

पंप ३० अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवायचा असतो. पत्र्याच्या वर्गात उन्हाळ्यात फार तापते, म्हणून तो खिडकीपासून दूर, खालच्या सावलीच्या जागी ठेवा. डबी फार तापली तर फुटू शकते. रिकामी डबीसुद्धा भोसकू नका, जाळू नका. रोटाकॅप वापरत असाल तर ती वेळेवरच पाकिटातून काढा. पावसाळ्यात ओल लागून पावडर खराब होते.

साध्या पंपात साधारण २०० मात्रा असतात. हलवून पाहिल्याने किती औषध उरले ते कळत नाही, कारण औषध संपले तरी आत गॅस असतो. म्हणून मात्रा मोजून लिहून ठेवा. मुदतीची तारीखही तपासा.

झटका आला तर शिक्षकांनी काय करावे?

मुलाला ताठ बसवा, आडवे करू नका. एकटे सोडू नका. पंप हलवा. स्पेसरमधून एक मात्रा द्या आणि मुलाला ४ वेळा श्वास घेऊ द्या. अशा ४ मात्रा द्या. ४ मिनिटे थांबा. आराम नसेल तर पुन्हा तसेच करा. तरीही फरक पडला नाही, मुलाला बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत मात्रा देत राहा. डॉक्टरांनी कागदावर वेगळे लिहिले असेल तर तसे करा.

शेंगदाणे, अंडी किंवा मधमाशीच्या दंशाने काही मुलांना तीव्र ॲलर्जी येते. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, उलट्या, धाप, चक्कर ही तिची लक्षणे. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच लागते. खाजेची गोळी किंवा नुसता पंप पुरत नाही. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्या. अशी ॲलर्जी असेल तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही आधीच सांगून ठेवा.

लपवू नका

'पंपाची सवय लागते', 'मुलीचा दमा कळला तर लग्न जमणार नाही' या बोलण्याला घाबरून अनेक पालक शाळेला काहीच सांगत नाहीत. पंपाचे व्यसन लागत नाही. मात्र हा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांकडे जा.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. पंप कुठे आहे ते स्वतः पाहा आणि तो कसा द्यायचा ते किमान दोन शिक्षकांना करून दाखवा.