पश्चिम आशियातून सह्याद्रीपर्यंत : तीन धर्मांचा प्रवास

यहुदी, ख्रिस्ती व इस्लाम हे तिन्ही एकेश्वरवादी धर्म पश्चिम आशियात उदयास आले. यहुदी धर्म सर्वांत प्राचीन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ख्रिस्ती धर्म, तर सातव्या शतकात इस्लाम जन्मास आला. अब्राहामाची परंपरा तिन्ही मानतात.

हे परधर्म केवळ तलवारीने पसरले, असे आपण वारंवार ऐकतो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र निराळे सांगतो. बेने इस्रायलांचे पूर्वज, त्यांच्या परंपरेनुसार, जहाज फुटून अलिबागजवळील नवगावला लागले. ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. इस्लाम कोकणात अरब व्यापाऱ्यांसोबत आला. राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकाच्या आरंभी, चौल येथे सुमारे १०,००० मुसलमान असल्याची नोंद अरब प्रवासी अल् मसुदीने केली आहे. वसईत १५३४ नंतर ख्रिस्ती धर्म रुजला, तो मात्र पोर्तुगीज सत्तेच्या आधाराने. आश्रय, व्यापार आणि सत्ता अशा तीन वाटा आम्हांस येथे दिसतात.

परंतु धर्म बदलला तरी जात सुटली नाही. बेने इस्रायलांत 'गोरे' व 'काळे' असा भेद होता, त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. वसईच्या ख्रिस्ती समाजातही वाडवळ, सामवेदी, कोळी ही ओळख टिकून राहिली.

विद्यार्थी मित्रहो, कोणताही धर्म अभ्यासताना तो कोठून आला एवढेच विचारू नका. येथे आल्यावर त्याने माणसामाणसांतील भिंत पाडली की जपली, हेही विचारा. आपल्या धम्मालाही हाच प्रश्न विचारण्याचे धैर्य आपण बाळगले पाहिजे.