धुक्यातील शाळेची बस

डिसेंबरच्या अखेरीस भिलाईत सकाळी सहा वाजता उजाडलेले नसते. सेक्टरांमधील रस्त्यांवरचे दिवे धुक्यात पिवळट गोळ्यांसारखे दिसतात आणि त्यांच्या खालचा खांब मात्र दिसत नाही. कोपऱ्यावरील झाडाखाली लोकरीचे स्वेटर आणि कानटोप्या घातलेली चार-पाच मुले उभी असतात. आधी कानावर इंजिनाची घरघर येते, मग दोन अंधूक उजेड दिसतात आणि अगदी जवळ आल्यावर पिवळ्या रंगाची बस आकार घेते. दार उघडते आणि चालकाच्या जागेवरून हाक येते, "जय जोहार! चला, एकेक जण. आज ढग खाली उतरलाय, आपण ढगातून शाळेला जायचं!" मुले हसतात. शाळेच्या बसचा हा चालक मराठी घरातील मुलांचा 'काका' असतो, तर इतरांचा 'भैया' किंवा 'अंकल'. पुढचा पाऊण तास चाळीस-पन्नास घरांची काळजी त्याच्या हातातील चाकावर असते.

हिवाळा म्हटला की चित्रांतून आणि चित्रपटांतून बर्फाने झाकलेले रस्ते डोळ्यांसमोर येतात. छत्तीसगडमध्ये तसा हिमवर्षाव होत नाही. सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर किंवा कबीरधाम जिल्ह्यातील चिल्फीच्या घाटात कडाक्याच्या थंडीत गवतावरील दव गोठून पांढरा थर दिसतो आणि तो पाहायला लोक आवर्जून जातात. भिलाई सखल मैदानात वसलेली असल्याने तिच्या वाट्याला तेही येत नाही. तिच्या हिवाळ्याची खरी परीक्षा असते ती धुक्याची. हिंदी बोलणारे त्याला कोहरा म्हणतात. विदर्भातून येथे येऊन स्थायिक झालेल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'धुवारी' हा शब्द ऐकू येतो.

भिलाईतील माणसे निरनिराळ्या प्रांतांतून का आली, याचे उत्तर येथील पोलाद कारखान्यात आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. बर्फाच्या देशातून आलेले अभियंते दुर्गच्या उन्हात उभे राहून भट्ट्या बांधत होते, हा त्या काळातील एक गमतीचा विरोधाभासच म्हणावा लागेल. कामगारांसाठी सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली, रुंद रस्ते झाले, दुतर्फा झाडे लागली, शाळा निघाल्या. महाराष्ट्र, केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब अशा सर्व बाजूंनी कुटुंबे आली. त्यामुळे येथील शाळेच्या बसमध्ये एकाच वेळी चार-पाच भाषा ऐकू येणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

आता धुक्याकडे वळू. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच होय. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन दिवसभरात साठवलेली उष्णता वेगाने गमावते. तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवेत पाण्याची वाफ कमी प्रमाणात मावते, म्हणून जास्तीची वाफ सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. हे थेंब निराधार तयार होत नाहीत. त्यांना चिकटायला धूळ, धूर किंवा काजळीचा एखादा कण लागतो. वारा जोराचा असेल तर हवा मिसळून जाते आणि धुके जमत नाही. आकाश ढगाळ असेल तर जमिनीची उष्णता ढगांखालीच अडकते आणि तेव्हाही धुके सहसा पडत नाही. म्हणूनच हिवाळी पावसाची एखादी सर येऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ झाले की, पहाटे दाट धुके दिसते.

भिलाईच्या परिसरात या साऱ्या गोष्टी एकत्र येतात. दुर्गजवळून शिवनाथ नदी वाहते. छत्तीसगडच्या गावोगावी तलाव आहेत, आणि कारखान्यासाठी मरोदा येथे मोठे जलाशय आहेत. त्यामुळे हवेत ओलावा मुबलक असतो. औद्योगिक वस्ती असल्याने हवेत कणही पुष्कळ असतात. थंडीच्या दिवसांत लोक पहाटे शेकोट्या पेटवतात, त्यांचा धूर जमिनीलगत पसरून राहतो. दिल्ली-पंजाबात दिवसच्या दिवस टिकते तसे धुके येथे नसते. बहुधा नऊ-दहा वाजेपर्यंत ऊन त्याला विरवून टाकते. पण शाळेची बस निघते ती नेमकी त्याच्या भराच्या वेळी. शिवाय जे संकट रोजचे असते त्याची माणसाला सवय होते. जे हिवाळ्यातून मोजक्याच सकाळी येते, त्याला तोंड देताना चुका अधिक होतात.

हवामानशास्त्रात दृश्यता एक हजार मीटरपेक्षा कमी झाली की 'धुके' असे म्हणतात. ती दोनशे मीटरच्या खाली गेली तर धुके दाट आणि पन्नास मीटरच्या खाली गेली तर अतिदाट समजले जाते. चालकाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ काय, हे थोड्या हिशेबाने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर डोळ्यांनी ते ओळखणे, मनाने निर्णय घेणे आणि पायाने ब्रेक दाबणे यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच बस १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता असला तरी थांबायला आणखी सुमारे १२ मीटर लागतात. एकूण अंतर २९ मीटरच्या घरात जाते. वेग ताशी ६० असेल तर हेच अंतर ५० मीटरच्या पुढे जाते, आणि ताशी २० असेल तर ११-१२ मीटरवर येते. वेग दीडपट झाला म्हणून थांबण्याचे अंतर दीडपटच वाढत नाही, त्याहून अधिक वाढते. कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. त्यातच धुक्याच्या दवाने धुळीचा रस्ता ओला आणि निसरडा झालेला असतो. समोरचे ३० मीटरच दिसत असताना जो ताशी ४० च्या वेगाने जातो, त्याच्या हाती काहीही शिल्लक राहत नाही.

बर्फाळ प्रदेशातील चालकाचा प्रश्न याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूचा आहे. तेथे पुष्कळदा समोरचे लख्ख दिसते, पण टायरला रस्त्याची पकड मिळत नाही. गोठलेल्या निसरड्या बर्फावर ताशी ४० च्या वेगातील गाडीला केवळ ब्रेक लागल्यावर थांबायलाच ६० मीटर लागू शकतात. म्हणून कॅनडा-अमेरिकेत हिवाळी टायर लावतात, रस्त्यांवर मीठ टाकतात आणि हिमवादळाचा अंदाज असला की पहाटेच शाळेला सुट्टी जाहीर करतात. तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना 'बर्फाची सुट्टी' हा प्रकार आधी अद्भुत वाटतो आणि मग आपल्याकडच्या पावसाच्या सुट्टीची आठवण होते. आपल्या देशात काश्मीरने त्यावर आणखी सरळ उपाय शोधला आहे: तेथील शाळांची दीर्घ सुट्टी उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात असते. छत्तीसगडमध्येही थंडीची लाट आली की जिल्हा प्रशासन शाळांच्या वेळा पुढे ढकलते. बर्फ असो वा धुके, वाहन हाकण्याचे मूळ सूत्र एकच: जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे.

हे सूत्र अनुभवी चालक पुस्तकात न वाचताही पाळतो. त्याची सकाळ मुलांच्या आधी तासभर सुरू होते. तो टायरची हवा पाहतो, पुढचे-मागचे दिवे लावून बसभोवती फेरी मारतो, एअर ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब पुरेसा भरेपर्यंत थांबतो आणि पुढची काच आतून-बाहेरून पुसतो. आतून पुसण्याला विशेष महत्त्व आहे. चाळीस मुले श्वास सोडू लागली की त्यातील वाफ थंड काचांवर जमते आणि बसच्या आतच दुसरे धुके तयार होते. म्हणून कितीही थंडी असली तरी एक-दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्या लागतात. "काका, गार लागतंय!" अशी तक्रार येते. त्यावर, "गार लागू दे रे बाबा, मला तुझी शाळा तरी दिसू दे," असे उत्तर मिळते आणि तक्रार तेथेच विरते.

दिव्यांचा वापर हीसुद्धा एक कला आहे. अंधूक दिसते म्हणून नवखा चालक दिवे 'फुल' करतो. त्या प्रखर झोताचा प्रकाश पाण्याच्या थेंबांवर आपटून त्याच्याच डोळ्यांकडे परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. जाणता चालक दिवे 'डिप्पर'वर, म्हणजे खाली झुकलेले ठेवतो. धुक्यासाठीचे खास दिवे बसवताना ते मुद्दाम खालच्या बाजूस बसवतात, त्याचेही कारण हेच. मग तो रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चालतो. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे धरून तिच्यामागे जाणे सोपे वाटते, पण ती गाडी जेथे चुकेल तेथे मागचाही चुकतो. वेगाच्या बाबतीत तो स्वतःच्या अंदाजावर विसंबत नाही. कडेची झाडे आणि घरे मागे पळताना दिसली की वेगाची जाणीव होते. धुक्यात ती दिसतच नाहीत, म्हणून काट्याकडे पाहावे लागते.

सेक्टरांचे रस्ते त्या मानाने सोपे. खरा घोर असतो तो जी. ई. रोडचा. मुंबईच्या बाजूकडून कोलकात्याकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी ६ होता आणि आता ५३ आहे, सुपेला आणि पॉवर हाऊस या गजबजलेल्या भागांतून जातो. पोलाद, सिमेंट आणि कोळसा वाहणारे ट्रक येथे रात्रंदिवस धावतात. एखादा ट्रक बंद पडून कडेला उभा असतो, त्याच्या मागच्या बाजूस दिवा नसतो, चमकणारी पट्टी मातीने माखलेली असते. अशा ट्रकवर मागून आदळणे हा धुक्यातील सर्वांत घातक अपघातांपैकी एक होय. चालक येथे खिडकीची काच खाली करतो आणि बसमधील गोंगाट थांबवतो, कारण डोळे कमी पडतात तेथे कानांनी काम करावे लागते. सकाळभर हसवणारा माणूस एकदम, "आता दोन मिनिटे कुणी बोलायचं नाही," असे म्हणतो तेव्हा मुले गप्प होतात. रोज ओरडणाऱ्याच्या ओरडण्याला ही किंमत राहत नाही. त्याच्या आनंदी स्वभावाकडे केवळ गुण म्हणून न पाहता कामाचे एक साधन म्हणूनही पाहायला हवे. घाबरलेली किंवा कंटाळलेली मुले जागेवरून उठतात, भांडतात, खिडकीबाहेर डोकावतात. आणि चालकाला आरशाकडे पाहावे लागते तो क्षण रस्त्याच्या वाट्याचा असतो.

या कामाचे नियम पुष्कळसे दुःखातून आलेले आहेत. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि पंचवीसहून अधिक मुले मृत्यू पावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वाहतुकीसंबंधी आदेश दिले. शाळेच्या बसच्या चालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, बेफाम वेग किंवा मद्यपान यांसाठी दंड झालेला नसावा, बसमध्ये वेगनियंत्रक आणि जाणता मदतनीस असावा, अशा गोष्टी त्यात होत्या. पुढे इतर राज्यांनीही त्या धर्तीवर नियम केले. महाराष्ट्राचे स्कूल बसविषयीचे नियम २०११ चे आहेत. बसचा पिवळा रंग मात्र दूरदेशीचा. १९३९ साली न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी एक परिषद बोलावली होती. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या मंद प्रकाशात हा रंग लवकर नजरेत भरतो आणि त्यावरील काळी अक्षरे स्पष्ट वाचता येतात, म्हणून तो तेथे निवडला गेला. धुक्यात बस दिसते तेव्हा त्या निवडीचे मोल कळते.

एवढी जबाबदारी पेलणाऱ्या या माणसाचे शिक्षण बहुधा बेताचे असते. प्रवासी वा मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी एके काळी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. अट गेली तरी वेळापत्रक, वाहनाची कागदपत्रे आणि रस्त्यावरील फलक वाचण्याची गरज गेलेली नाही. त्याच्यावर येणारा दाब तर निराळाच. बस थांब्यावर पोहोचायला दहा मिनिटे उशीर झाला की पालकांचे दूरध्वनी सुरू होतात, शाळेत प्रार्थनेची घंटा ठरल्या वेळी होते, आणि दोन्हीकडच्यांना घाई असते. धुके मात्र कुणाचेही ऐकत नाही. अशा वेळी वेग न वाढवता उशीर पत्करणे याला धैर्य लागते, आणि ते धैर्य कुणाला दिसत नाही, कारण जो अपघात झालाच नाही त्याची बातमी होत नाही.

बस शाळेच्या फाटकातून आत शिरते तेव्हा प्रार्थना संपलेली असते. मदतनीस खाली उतरून दाराशी उभा राहतो. मुले एकेक करून उतरतात, आणि शेवटचे मूल बसपासून दूर जाईपर्यंत चालक गाडी हलवत नाही. मग तो मागच्या बाकापर्यंत चालत जातो. एखादे लहान मूल झोपून राहिलेले नाही ना, हे पाहतो. बाकाखाली सापडलेली कानटोपी उचलतो, नोंदवहीत वेळ लिहितो, उशीर पंचवीस मिनिटे, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: कोहरा. तोपर्यंत बाहेर ऊन पडू लागलेले असते, आणि मैदानापलीकडची झाडे एकामागून एक दिसू लागलेली असतात.