स्पीकरचा ‘मायनस’ म्हणजे ग्राउंड नव्हे!

गाण्याच्या ठेक्यावर वर-खाली नाचणारे हिरवे, पिवळे, लाल दिवे. व्हीयू मीटर! हॉस्टेलच्या रूममधला साधा सेटअपही त्यानं एकदम स्टुडिओसारखा दिसायला लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात, तर छोटा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणि एलईडी मीटरचं किट एकाच फेरीत मिळून जातं. खरी गंमत घरी आल्यावर सुरू होते. मीटर जोडला की कधी स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ ऐकू येतं, कधी अ‍ॅम्प गप्प होतो आणि कधी जळका वास येतो. तिन्हीचं मूळ बहुतेकदा एकच असतं, ते म्हणजे ग्राउंड.

आधी हे तपासा

किटसोबतच्या कागदावर सरळ लिहिलेलं असतं, ‘स्पीकरच्या तारांना जोडा’. टीडीए २०३० सारख्या जुन्या पद्धतीच्या बोर्डवर हे चालून जातं, कारण तिथे स्पीकरची मायनस तार सहसा ग्राउंडलाच जोडलेली असते. पण आज सर्रास वापरले जाणारे टीपीए ३११६ किंवा पीएएम ८४०३ चे स्टिरिओ बोर्ड ‘ब्रिज’ पद्धतीचे असतात. त्यात स्पीकरच्या दोन्ही तारांना अ‍ॅम्प चालवत असतो. एक वर ढकलतो, दुसरा खाली खेचतो. म्हणजे बोर्डवर ‘मायनस’ छापलेलं असलं, तरी ती तार ग्राउंड नसते. १२ व्होल्टचा सप्लाय असेल, तर तिथे साधारण ६ व्होल्ट असतात!

आता त्याच सप्लायवर चालणाऱ्या मीटरचा ग्राउंड तुम्ही या तारेला जोडलात, तर ते ६ व्होल्ट थेट शॉर्ट होतात. बोर्डमध्ये प्रोटेक्शन असेल तर अ‍ॅम्प बंद पडेल. नसेल तर आयसी गेलाच म्हणून समजा.

ओळखायचं कसं? सोप्पं आहे. सगळं बंद करा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक सप्लायच्या मायनसला, दुसरं स्पीकरच्या मायनसला लावा. ‘बीप’ वाजला तर ती तार ग्राउंडच आहे. वाजला नाही, तर तिला मीटर जोडायचा नाही.

मीटरला वेगळा अ‍ॅडॉप्टर दिला की प्रश्न सुटेल, असं वाटेल. पण स्टिरिओ मीटरमध्ये लेफ्ट आणि राइटचा ग्राउंड एकच असतो. दोन्ही चॅनेलचे मायनस मीटरमधून एकमेकांना जोडले जातात आणि त्रास तसाच राहतो.

मग जोडायचा कुठे?

उत्तर आहे, अ‍ॅम्पच्या इनपुटला. मोबाइल किंवा लॅपटॉपमधून येणारा सिग्नल जिथे बोर्डात शिरतो, तिथला ग्राउंड खरा ग्राउंड असतो. तिथून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडून सिग्नल मीटरला द्या. दोन चॅनेल असतील, तर प्रत्येकाची जोडी वेगळी. व्हॉल्यूमबरोबर दिवेही कमी-जास्त व्हायला हवे असतील, तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायावरून सिग्नल घ्या. हा सिग्नल स्पीकरपेक्षा बराच कमी असतो. म्हणून मीटरवरचा प्रीसेट फिरवून बघा. तरी दिवे लागले नाहीत, तर इनपुट वाढवणारी सर्किट असलेलं किट घ्यावं लागेल.

टिकटिक का ऐकू येते?

एलएम ३९१५ वर दहा एलईडी चालतात. प्रत्येकाला १० मिलीअँपिअर धरले, तर सगळे पेटल्यावर १०० मिलीअँपिअर होतात. हा करंट गाण्याच्या तालावर चालू-बंद होत राहतो. तो परत जाणारी तार सिग्नलच्या ग्राउंडची तारही असेल आणि तिचा रेझिस्टन्स ०.१ ओहम जरी असला, तरी तिथे १० मिलिव्होल्टचा कचरा तयार होतो. तोच अ‍ॅम्प मोठा करून तुम्हाला ऐकवतो. उपाय म्हणजे मीटरच्या सप्लायच्या दोन्ही तारा थेट सप्लायच्या टर्मिनलपर्यंत न्या, मध्ये कुठेही सिग्नलच्या ग्राउंडला चिकटवू नका.

एवढं करूनही ‘घुंऽऽ’ येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर दोष मीटरचा नाही. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडले गेलेत, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, नाहीतर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ऑडिओ आयसोलेटर घाला.

हा ‘जुगाड’ नको!

हमिंग घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला कुणीतरी हमखास देतो. तो ऐकूच नका. आत कुठे इन्सुलेशन गेलं, तर अ‍ॅम्पच्या धातूच्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात. पिन शाबूत असेल तर फ्यूज किंवा एमसीबी उडते. नसेल तर कॅबिनेटला हात लावणाऱ्याला शॉक बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. थेट मेन्सवर चालणारा अ‍ॅम्प उघडायचा असेल, तर सोबत जाणकार माणूस हवाच.

आणि वायरिंगची कटकट नकोच असेल, तर माइकवाला मीटर घ्या. तो खोलीतला आवाज ऐकून नाचतो आणि अ‍ॅम्पला एकही तार जोडावी लागत नाही. म्हणजे ग्राउंडचा प्रश्नच मिटला!