विषम अंतरांचा मेळ

मराठीच्या अध्यापकाने आकाशातील रेडिओलहरींविषयी बोलावे, हे श्रोत्यांस नवलाचे वाटेल. पण समान मात्रांच्या वृत्तांत आयुष्य गेलेल्या मला याच विषयाने एक धडा शिकविला, म्हणून तो येथे मांडतो.

दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपण्यासाठी अनेक तबकड्या उभारून त्यांचे संदेश एकत्र जुळवितात. त्या सारख्या अंतरावर मांडल्या तर काय होते? ज्या दिशेकडे आपण रोखून पाहतो, तेथून आलेल्या लहरींचा सर्व तबकड्यांत मेळ बसतो. परंतु तबकड्यांमधील अंतर लहरलांबीहून मोठे असेल, तर अशीही एक दिशा सापडते की जेथून येणाऱ्या लहरीला प्रत्येक पुढच्या तबकडीपर्यंत नेमकी एक लहरलांबी अधिक चालावे लागते. तिचाही मेळ तितकाच पक्का बसतो. मग तारा एक आणि आभास अनेक. खरा कोणता हे यंत्र सांगत नाही.

१९६५ साली डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) व त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या अशाच सम अंतरांच्या पद्धतीने मांडल्या. सूर्यासारख्या एकट्या, तेजस्वी गोलासाठी ती रचना पुरेशी होती. कारण आभासांच्या दिशा सूर्यबिंबाच्या रुंदीहून अधिक दूर ठेवता येतात. ताऱ्यांनी गजबजलेल्या आकाशाला मात्र ती पुरणारी नव्हती.

याच शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे पुढे जी महादुर्बीण उभी राहिली, तिची मांडणी निराळी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरात विखुरल्या आहेत. उरलेल्या १६ तीन लांब भुजांवर आहेत. परस्परांपासून सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर आहे.

या विखुरण्यामागील हिशेब शाळेच्या पटांगणावरही करून पाहता येईल. चार मुलांना ०, १, २, ३ पावलांवर उभे करा. जोड्या सहा होतात, पण अंतरे तीनच मिळतात : १, २ आणि ३. आता त्यांनाच ०, १, ४, ६ पावलांवर उभे करा. जोड्या तितक्याच, पण १ ते ६ ही सर्व अंतरे एकेकदा मिळतात. प्रत्येक जोडी आकाशाला एक प्रश्न विचारते. पहिल्या रांगेत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, दुसरीत प्रत्येक प्रश्न नवा असतो. खोडदच्या ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्याने प्रत्येक जोडीचा आकाशाशी असलेला कोन बदलत जाऊन प्रश्नांत आणखी भर पडते.

याने आभास समूळ नाहीसे होतात असे नाही. खोट्या दिशेने सर्वांचा मेळ एकाच वेळी बसत नाही. म्हणून खोटे तेज एका जागी न साठता मंद होऊन विखुरते, आणि खरा तारा ओळखू येतो.

आपल्या कमठाण्याच्या सीमाभागात एकाच वर्गात मराठी, कन्नड, उर्दू अशा निरनिराळ्या घरांतील मुले बसतात. त्यांना एका रांगेत, एका मापाने बसविण्याचा मोह शिक्षकाला होतो. मलाही होत असे. सर्वांनी एकच उत्तर एका सुरात दिले म्हणजे ते खरे ठरत नाही, हे मला खोडदच्या माळावरील मांडणीने उशिरा शिकविले. विद्यार्थ्यांनी ते लवकर शिकावे.