राजोत्सवाचीं चिनी भांडीं

हिंगोली जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या फडताळांत राजाची छबी असलेला चिनी मातीचा पेला सांपडला, तर पहिला प्रश्न हा कीं, राजा कोणता? मुलूख निजामाचा, परंतु खुद्द हिंगोलीस १९०३ पर्यंत इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील हैद्राबाद कंटिंजंटची छावणी होती. व्हिक्टोरिया राणीचे १८८७ व १८९७ चे ज्युबिली महोत्सव झाले, ते ही छावणी नांदती असतांनाच. पुढें फेब्रुवारी १९३७ मध्यें मीर उस्मान अली खान यांचा रौप्यमहोत्सव हैद्राबादेस साजरा झाला.

त्या उत्सवांत मान होता चांदीचा. तेव्हां नजर झालेले चांदीचे करंडे आणि इमारतींच्या प्रतिकृति हैद्राबादच्या पुराणी हवेलींतील निजाम संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. इंग्लंडांत मात्र राजोत्सव सामान्य माणसाच्या घरीं पोंचला तो मातीच्या भांड्यांवरून. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथें एक युक्ति निघाली: तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचें, त्यांत रंग भरून तो पातळ कागदावर उतरावयाचा, आणि ओला कागद भांड्यावर दाबावयाचा. चिताऱ्याची मजुरी वांचली व एकाच पत्र्यावरून शेंकडों भांडीं निघूं लागलीं. कोबाल्टचा निळा रंग भट्टीची आंच सोसतो. चित्र झिलईखालीं असेल तर किती घांसलें तरी जात नाहीं. झिलईवरचा सोनेरी कांठ मात्र राखेनें घांसणाऱ्या हातांपुढें फार दिवस टिकत नाहीं.

चांदी अडचणीच्या वेळीं सोनाराच्या मुशींत जाते. चिनी मातीला मोड येत नाहीं, म्हणून ती फुटली नाहीं तर राहते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट कोसळली. रझाकारांचा जाच सोसलेल्या घरांना राजमुद्रेची वस्तु नकोशी वाटावी, हें स्वाभाविकच. तरीही ती फोडूं नये. ती त्या काळाची साक्ष आहे.

अर्थात् साक्षीची उलटतपासणी हवी. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ रोजीं ठरला होता. पेले भाजून बाजारांत आले, आणि डिसेंबर १९३६ मध्यें त्यानें गादी सोडली! ठरल्या दिवशीं अभिषेक झाला तो धाकट्या भावाला, सहाव्या जॉर्जला. एडवर्डचे पेले दुर्मिळ समजून पुष्कळ जण जपतात. वस्तुतः ते विपुल खपले होते.

भांडें उलटें करून बूडही पाहावें. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळें १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचें नांव घालावें लागलें. ‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द बहुधा विसाव्या शतकांतले. वर १८८७ आणि बुडाशीं हे शब्द, असा पेला दिसल्यास तो मागाहून केलेला असावा.